मराठी ख्रिस्ती प्रवचनाची परिणामकारकता : वक्त्याचा त्याग आणि श्रोत्याचे स्वामित्व

१. प्रास्ताविक

ख्रिस्ती उपासनेत प्रवचनाला मध्यवर्ती स्थान आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारची उपासना प्रामुख्याने उपदेशाभोवतीच उभी असते. कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज स्वीकारला आणि त्यात प्रवचन हे मिस्साविधीचेच अंग असल्याचे स्पष्ट केले. तरीही प्रवचनाच्या परिणामकारकतेचा विचार बहुधा वक्त्याच्या बाजूनेच होतो. विषयाची मांडणी, आवाजाचा चढउतार, दृष्टान्तांची निवड, वेळेचे भान अशा गुणांची यादी वक्तृत्वावरील पुस्तकांत आढळते. हे गुण आवश्यक आहेत. परंतु असे सर्व गुण असलेले प्रवचन श्रोत्याच्या जीवनाला स्पर्श न करता विरून जाते आणि ओबडधोबड बोललेले प्रवचन पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहते, या अनुभवाचा उलगडा त्या यादीने होत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठी ख्रिस्ती परंपरेतील तीन उदाहरणांच्या आधारे तपासण्यात आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई ही ती तीन उदाहरणे होत. तिघांचा काळ, पंथ आणि परिस्थिती भिन्न आहे. तथापि, बोलण्यासाठी वक्त्याने काय सोडले आणि ऐकल्यानंतर श्रोत्याने काय आपलेसे केले, हे दोन प्रश्न तिघांनाही सारख्याच प्रस्तुतपणे विचारता येतात. वक्ता जितके सोडतो तितके प्रवचन श्रोत्याचे होते आणि जे तो सोडू शकत नाही तेथेच प्रवचनाची मर्यादा पडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. परिणामकारकतेची संकल्पना

ख्रिस्ती प्रवचनशास्त्राचा पहिला मोठा विचार संत ऑगस्टीन यांनी केला. 'दे दोक्त्रीना ख्रिस्तियाना' या ग्रंथाचा चौथा भाग त्यांनी इसवी सन ४२६-२७ च्या सुमारास पूर्ण केला. सिसेरोच्या वक्तृत्वशास्त्राचा आधार घेऊन त्यांनी शिकवणे, रिझवणे आणि मन वळवणे ही वक्त्याची तीन कार्ये सांगितली. परंतु सिसेरोच्या सभेतील वक्ता आणि चर्चमधील वक्ता यांतील भेदही त्यांच्या ध्यानात होता. चर्चमधील श्रोता मध्येच उठून प्रश्न विचारू शकत नाही. म्हणून श्रोत्यांच्या हालचालींवरून त्यांना समजले की नाही हे वक्त्याने ओळखावे आणि समजले नसल्यास तोच विषय निरनिराळ्या रीतींनी मांडावा, असे ते सुचवतात. श्रोत्याचे मौन ही वक्त्याची सोय नसून त्याच्यावरील जबाबदारी आहे, हा त्यातील मर्म होय. वक्त्याच्या आचरणाचे वजन त्याच्या शैलीपेक्षा अधिक असते, असेही ऑगस्टीन यांनी नमूद केले आहे.

आधुनिक काळात अमेरिकन धर्मोपदेशक फिलिप्स ब्रुक्स यांनी १८७७ मध्ये येल येथील व्याख्यानांत प्रवचनाची व्याख्या सत्य आणि व्यक्तिमत्त्व यांच्या संयोगातून केली. फ्रेड क्रॅडक यांच्या १९७१ मधील 'अ‍ॅज वन विदाउट ऑथॉरिटी' या पुस्तकाने विचाराची दिशा पालटली. निष्कर्ष आधी सांगून तो श्रोत्यांवर लादण्याऐवजी वक्त्याने आपला शोधाचा मार्ग श्रोत्यांसह पुन्हा चालावा आणि शेवटचे पाऊल श्रोत्याला टाकू द्यावे, असे क्रॅडक यांचे म्हणणे होते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ मधील 'एव्हान्जेली गाउदियम' या पत्रकात प्रवचनाची विस्ताराने चर्चा केली. प्रवचनामुळे ऐकणारे आणि बोलणारे असे दोघेही क्लेश भोगतात, ही त्यांची टीका विशेष बोलकी आहे. प्रवचनाचे अपयश दोन्ही बाजूंना सोसावे लागते, हे तीतून मान्य होते.

मराठी परंपरेला हा विचार परका नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागण्याने होतो. तेथे श्रोता हा केवळ ग्रहण करणारा नाही. त्याच्या अवधानावाचून वक्त्याचे बोलणे फळत नाही. कीर्तनातही नामघोषाच्या वेळी श्रोते कीर्तनकाराच्या स्वरात स्वर मिसळतात. मराठी ख्रिस्ती वक्त्यांसमोर त्यामुळे प्रवचनाचे दोन आदर्श होते. एक युरोप-अमेरिकेतून आलेला, शांत बसलेल्या श्रोत्यांपुढील उपदेशाचा आणि दुसरा पुराण-कीर्तनाचा. पुढील तिन्ही उदाहरणांचे महत्त्व या दोन आदर्शांच्या संघर्षात आहे.

३. फादर स्टीफन्स : प्रश्न विचारणारा श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे कार्य मुख्यतः साष्टी प्रदेशात झाले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वरू असून एकूण ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार आहे. हा ग्रंथ वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी रचलेला आहे. रविवारी आणि सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचला जात असे. या अर्थाने त्याला मराठीतील पहिले प्रदीर्घ ख्रिस्ती प्रवचन म्हणता येईल.

ग्रंथाची रचना एका श्रोत्याच्या मागणीवर उभी आहे. पाद्री गुरू चर्चमध्ये धर्मशिक्षण देत असता एक ब्राह्मण ख्रिस्ती त्यांना भेटतो. पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही, अशा आशयाची त्याची विचारणा आहे. या प्रश्नातील वेदना दुर्लक्षिण्याजोगी नाही. धर्मांतरित समाजाला प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षा मिळाली होती, मात्र कथा ऐकण्याचा आनंद आणि कथेभोवती जमणारा समाज त्याने गमावला होता. स्टीफन्स यांनी ही उणीव ओळखली आणि ती श्रोत्याच्या तोंडून वदवली. पुढेही कथनाच्या ओघात श्रोते शंका विचारतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात. ऑगस्टीन यांच्या चर्चमध्ये ज्या श्रोत्याला बोलता येत नव्हते, त्याला स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या आत बोलते केले.

यासाठी वक्त्याला बरेच काही सोडावे लागले. युरोपीय प्रवचनाचा साचा सोडून त्यांनी ओवी स्वीकारली. मातृभाषा इंग्रजी आणि राज्यभाषा पोर्तुगीज असताना त्यांनी कोकणीच्या छटा असलेल्या मराठीत लिहिले आणि त्या भाषेची स्तुतीही केली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला, पण स्नानसंस्कारासारख्या चर्चविधींसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्द कायम ठेवले. या निवडीत एक विवेक दिसतो. श्रोत्याच्या कल्पनाविश्वात जे आधीपासून आहे तेथे त्याचाच शब्द घ्यावा आणि जे सर्वस्वी नवे आहे तेथे नवा शब्द नवेपणासह राहू द्यावा, असा तो विवेक होय.

तथापि, या प्रवचनाच्या यशाचे मूल्यमापन त्यामागील सत्तेला वगळून करता येत नाही. साष्टीतील मंदिरे १५६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावप्रमुखांवर पोर्तुगीजांनी कठोर सूड उगवला. ब्राह्मण श्रोत्याच्या प्रश्नातील 'बंदी' ही सत्तेने घातलेली बंदी होती. स्टीफन्स यांनी युरोपीय रूप सोडले. त्या बंदीमागील अधिकार सोडणे त्यांच्या हाती नव्हते आणि ग्रंथात त्या अधिकाराबद्दल शंकाही दिसत नाही. ज्या श्रोत्याला नकार देण्याची मुभा नाही त्याची संमती ही परिणामकारकतेचा निर्विवाद पुरावा ठरू शकत नाही.

म्हणूनच ग्रंथाच्या मुद्रणानंतरचा इतिहास अधिक महत्त्वाचा ठरतो. १६४९ आणि १६५४ या आवृत्त्यांनंतर क्रिस्तपुराणाचे मुद्रण थांबले. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध आदेश काढला. ज्या सत्तेच्या छायेत ग्रंथ जन्मला तीच सत्ता त्याच्या भाषेच्या विरोधात गेली. तरीही गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मंगळूर परिसरात त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या आणि अशा प्रतींच्या आधारेच १९०७ मध्ये जे. एल. सल्डाना यांनी मंगळूर येथे त्याचे पुनर्मुद्रण केले. १६५४ ते १९०७ या सुमारे अडीचशे वर्षांत या ग्रंथामागे छापखाना नव्हता आणि राज्यसत्ताही नव्हती. तो टिकला तो नकलून घेणाऱ्या आणि गाणाऱ्या श्रोत्यांमुळे. या टप्प्यावर प्रवचन वक्त्याच्या हातून निघून श्रोत्याच्या मालकीचे झाले होते. स्टीफन्स यांच्या परिणामकारकतेचा खरा दाखला १६१६ च्या चर्चमध्ये शोधण्याऐवजी या नकलाकारांच्या श्रमात शोधणे उचित होय.

४. नारायण वामन टिळक : कीर्तन आणि घरातील श्रोता

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीतील मिशनऱ्यांसमोरील श्रोता साष्टीतील श्रोत्याहून अधिक मोकळा होता. तो उठून जाऊ शकत असे, वाद घालू शकत असे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत कीर्तनाचे प्रयोग टिळकांच्या आधीच सुरू झाले होते आणि कृष्णराव सांगळे यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर या माध्यमाला कवीची प्रतिभा दिली. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या वाटेने, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे कीर्तन आणि अभंग हे त्यांच्यासाठी श्रोत्यांना आकर्षित करण्याचे साधन नव्हते. स्वतःच्या श्रद्धेच्या प्रवासाची ती भाषा होती.

कीर्तनाच्या रचनेचा येथे थोडा विचार आवश्यक आहे. पूर्वरंगात एखादे पद घेऊन तत्त्वविवेचन होते, मध्ये नामघोष होतो आणि उत्तररंगात आख्यानाद्वारे ते तत्त्व कथेत उतरते. मिशनच्या उपदेशात विवेचन असे, कथाही असे. श्रोत्याला आवाज देणारा मधला भाग मात्र नसे. उपासनेतील गीते उपदेशापासून स्वतंत्र होती आणि त्यांतील अनेक पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. कीर्तनात गाणे आणि सांगणे यांची सांगड पडते. श्रोत्याने जे गायले ते तो घरी नेतो. टिळकांच्या रचनांपैकी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी ते पूर्णत्वाकडे नेले. परंतु मंडळ्यांच्या जीवनात रुजली ती त्यांची भजने आणि अभंग. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांची संख्या लक्षणीय आहे. महाकाव्य वाचावे लागते, भजन मुखी बसते. परिणामाचा हा फरक साहित्यगुणांवरून समजत नाही, श्रोत्याच्या सहभागावरून समजतो.

टिळकांच्या प्रवचनशक्तीची सर्वांत कठीण परीक्षा मात्र त्यांच्या घरातच झाली. पतीने धर्मांतर केल्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि त्यांनी स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी या काळाचे जे कथन केले आहे ते प्रवचनशास्त्राच्या दृष्टीने अमूल्य आहे. कवी, वक्ता आणि पती अशा तिहेरी अधिकाराने बोलणाऱ्या माणसाचे शब्द त्यांच्या मनाची अढी काढू शकले नाहीत. त्यांच्यातील परिवर्तनाला वळण मिळाले ते जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला तेव्हा. त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच शोधले आणि नंतर आचरणात आणले. क्रॅडक यांनी सत्तर वर्षांनंतर जे सूत्र मांडले, त्याचा प्रत्यय येथे येतो. उत्तर कितीही समर्थ असले तरी श्रोत्याचा प्रश्न जागा होईपर्यंत ते बाहेरच राहते. स्मृतिचित्रांचा खेळकर सूर पाहता, वक्त्याकडे भक्तिभावाने न पाहणारी श्रोतीच त्याच्या कार्याची सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरली, हेही लक्षात येते.

वक्ता म्हणून टिळकांमध्ये झालेला बदलही नोंदवला पाहिजे. भारतीय ख्रिस्ती माणूस परकीय मिशनच्या वेतनावर जगत असेल, तर त्याच्या शब्दाकडे संशयाने पाहिले जाणारच, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. या कृतीने त्यांनी उपदेशकाचे वेतन आणि श्रोत्यांमधील आत-बाहेरची सीमारेषा या दोहोंचा त्याग केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने या प्रयोगाला पुरेसा काळ मिळाला नाही.

टिळकांच्या मर्यादेचा विचार करताना त्यांच्यासमोरील मंडळीची सामाजिक रचना विसरता येत नाही. अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्या लोकांचे प्रमाण मोठे होते. वारकरी परंपरेत चोखामेळा यांच्यासारखे संत असले, तरी देवळाच्या पायरीशी थांबवले जाण्याचा अनुभवही त्याच परंपरेच्या परिसरातला होता. ब्राह्मण धर्मांतरिताला कीर्तन ही घरवापसीची वाट वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांना त्या घरात प्रवेशच नव्हता त्यांना ती तशीच वाटली असेल, असे गृहीत धरता येत नाही. अभंगाच्या साध्या भाषेने हे अंतर पुष्कळ कमी केले, परंतु 'भारतीय रूप' म्हणजे नेमके कोणाचे रूप, हा प्रश्न त्याने मिटवला नाही.

५. पंडिता रमाबाई : न समजणाऱ्या श्रोत्याची आठवण

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे वाचून उदरनिर्वाह करीत असे. रमाबाई लहानपणापासून पुराणवाचनाच्या बाजूला बसल्या होत्या आणि पुढे स्वतःही वाचू लागल्या. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्यांनी या वाचनाचे स्वरूप सांगितले आहे. ऐकणाऱ्यांना संस्कृत समजत नसे आणि वाचणारे अर्थ सांगण्याची तसदी घेत नसत. श्रोते नमस्कार करीत, फुले आणि दक्षिणा ठेवीत आणि श्रवणाचे पुण्य मिळाले असे मानून जात.

एका अर्थाने हे वाचनही परिणामकारक होते. श्रोते येत होते, श्रद्धेने बसत होते, दान करीत होते. उपस्थिती, भावना आणि वर्गणी हे निकष लावले तर त्यात काहीच उणे नव्हते. तरीही ऐकलेल्यातील एकही वाक्य श्रोता आपल्या विचारात वापरू शकत नव्हता. रमाबाईंनी या आठवणीची किंमत आयुष्यभर चुकवली, असे म्हणता येईल. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या आधारे बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, हा त्यामागील मुख्य विचार होता. मुक्तीतील स्त्रियांनीच त्याची जुळणी आणि छपाई केली. रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

'पंडिता' ही पदवी ज्या संस्कृत विद्वत्तेसाठी मिळाली होती, तिचे प्रदर्शन भाषांतरात त्यांनी कटाक्षाने टाळले. हा त्याग सर्वांत अवघड होता, कारण तो स्वतःच्या प्रतिष्ठेच्या मुळाशी जाणारा होता. दुष्काळातून आणि निराधार अवस्थेतून आलेल्या स्त्रियांच्या हाती तोच ग्रंथ छपाईचे खिळे बनून आला, ही गोष्ट श्रोत्याच्या स्वामित्वाचे विलक्षण उदाहरण आहे. ज्यांना कधीकाळी केवळ फुले ठेवायची होती, त्यांनी अक्षर अक्षर जुळवून वचन उभे केले.

परंतु सुबोधता पुरेशी ठरली का, या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत प्रामुख्याने बायबल सोसायटीचीच भाषांतरे वापरली जात राहिली. भाषेचा साधेपणा अर्थाची वाट मोकळी करतो. पण सामूहिक उपासनेला लय, पाठांतर आणि परिचय यांचीही गरज असते. स्टीफन्स यांच्या ओवीत आणि टिळकांच्या अभंगात ती लय होती. रमाबाईंचे बळ अर्थात होते. आदर्श प्रवचनाला या दोहोंची जोड हवी, हे या तुलनेतून दिसते.

६. समकालीन संदर्भ

स्वातंत्र्योत्तर काळात वसई परिसरातील कॅथलिक समाजाने मराठी उपासनेची समृद्ध परंपरा घडवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) हे तिचे ठळक प्रतिनिधी होत. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल' आणि २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यांमुळे त्यांचा शब्द चर्चच्या भिंतींपलीकडे पोहोचला. हरित वसईच्या चळवळीत जमीन आणि पाणी यांच्या रक्षणासाठी ते उभे राहिल्याने त्यांच्या प्रवचनाला आचरणाचा आधार मिळाला. ऑगस्टीन यांनी शैलीपेक्षा जीवनाला दिलेले महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते. वक्त्याने श्रोत्यांच्या गावाची जोखीम वाटून घेतली, तर व्यासपीठावरील वाक्यांना वेगळे वजन येते.

दुसरीकडे, ध्वनिवर्धक, पडदा आणि ध्वनिमुद्रण या सोयींमुळे प्रवचन पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कानांपर्यंत जाऊ लागले आहे. मात्र श्रोत्यांची संख्या हा निकष रमाबाईंच्या बालपणीच अपुरा ठरला होता. तांत्रिक साधनांनी वक्त्याचा आवाज मोठा होतो. श्रोत्याचा प्रश्न त्यामुळे ऐकू येईलच, असे नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, प्रवचनाची सुरुवात श्रोत्याच्या खऱ्या प्रश्नापासून झाली तर ते टिकते. क्रिस्तपुराणातील ब्राह्मणाची मागणी आणि लक्ष्मीबाईंचा जातीविषयीचा प्रश्न ही त्याची उदाहरणे होत. दुसरी बाब अशी की, परिणामकारक वक्ता बोलण्याच्या क्रियेत स्वतः बदलतो. स्टीफन्स यांनी सांस्कृतिक रूप सोडले, टिळकांनी वेतन आणि संस्थेचा आश्रय सोडला, रमाबाईंनी विद्वत्तेची प्रतिष्ठा सोडली. ज्याने काहीच सोडले नाही त्याचे प्रवचन माहिती देऊ शकते, निर्णयाला प्रवृत्त करू शकत नाही.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक वक्त्याने जे सोडले नाही वा जे सोडणे त्याच्या हाती नव्हते, तेथे त्याच्या प्रवचनाची सीमा पडली. स्टीफन्स यांच्या मागे राज्यसत्ता उभी राहिली, टिळकांच्या कीर्तनात परंपरेच्या मालकीचा अनुत्तरित प्रश्न राहिला, रमाबाईंच्या सुबोधतेला सामूहिक गायनाची जोड मिळाली नाही. म्हणून प्रवचनाची परीक्षा ते संपताक्षणी श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून करणे घाईचे ठरते. नकार देण्याचे स्वातंत्र्य असताना श्रोता ते शब्द घरी नेतो का, नकलून घेतो का, गातो का आणि गरज पडल्यास त्याच शब्दांच्या आधारे वक्त्यालाही प्रश्न विचारतो का, हा अधिक कठोर आणि अधिक न्याय्य निकष आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेने या निकषावर उतरणारी प्रवचने दिली आहेत. त्यांच्या अभ्यासातून धर्मोपदेशकांना जसा लाभ होईल, तसाच ज्यांच्यासमोर श्रोते मौन बसलेले असतात अशा प्रत्येक व्यवसायातील वक्त्याला, विशेषतः अध्यापकाला, होऊ शकेल.